‘खबरी’ म्हणायचं की ‘खबऱ्या’, आणि कुणाच्या तोंडून?

तुमची अडचण अशी की एका परदेशी गुन्हेमालिकेची मराठी सबटायटल करताना पोलिसांना माहिती पुरवणाऱ्या माणसासाठी मूळ भाषेत पाच-सहा वेगळे शब्द आले. तुम्ही प्रत्येकाला वेगळा मराठी शब्द शोधलात आणि तपासणाऱ्याने सगळे खोडून सरसकट ‘खबरी’ करून टाकलं. आता तुम्हाला हवंय ते हे: ‘खबरी’ आणि ‘खबऱ्या’ एकच का, ‘बातमीदार’, ‘मुखबीर’, ‘पंटर’, ‘झिरो’ यांचं काय करायचं, आणि एक कैदी दुसऱ्या कैद्याच्या अंगावर ओरडतो तिथे काय लिहायचं.

मी सव्वीस वर्षं गुन्हेवार्ता केली. आधी मुंबईत, मग विदर्भात, आणि शेवटी डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या कॉप्या दुरुस्त करत. या शब्दांशी रोजचा संबंध होता, म्हणून उत्तर लांबेल. एका वाक्यात हवं असेल तर: तुमचा तपासणारा चुकलाय. माणूस एकच असला तरी त्याला कोण हाक मारतंय त्यावर शब्द ठरतो, आणि सबटायटलमध्ये तर बोलणारा समोरच दिसत असतो.

सुरुवात ‘बातमीदार’पासून करतो, कारण तो शब्द माझ्याच ओळखपत्रावर होता. नोकरीला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात एका पोलीस ठाण्यात गेलो आणि टेबलामागच्या हवालदारांना ऐटीत सांगितलं, “मी अमुक दैनिकाचा बातमीदार.” त्यांनी मान वर न करता म्हटलं, “आमचेपण आहेत चार. तुला पगार मिळतो, एवढाच फरक.” मला विनोद कळला नाही. संध्याकाळी पहिला पंचनामा वाचला तेव्हा कळला. ‘आमचे गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली की, एक इसम चोरीचा माल विक्रीकरिता घेऊन येणार आहे. सदर बातमीची खात्री करून पंचांसमक्ष सापळा लावला असता नमूद इसम मिळून आला.’ हे वाक्य मी पुढे हजार वेळा तरी वाचलं असेल. गाव बदलतं, माल बदलतो, पण ‘गुप्त बातमीदार’ हलत नाही.

पोलिसी कागदावर तुम्हाला ‘खबरी’ जवळजवळ सापडणार नाही. तिथे बातमीदार असतो, आणि ही मराठीची जुनी सवय आहे. ‘बातमी’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या आधीपासूनचा आहे. जुन्या पत्रव्यवहारात ‘बातमी राखणे’ म्हणजे पाळत ठेवून माहिती कळवत राहणं. आम्ही पत्रकार मंडळींनी तो शब्द नंतर उचलला. पोलिसांनी सोडला नाही, म्हणून दोघं एकाच नावाने नांदतो. तेव्हा तुमच्या मालिकेत अधिकारी कोर्टात साक्ष देत असेल किंवा अहवाल वाचून दाखवत असेल तर तिथे ‘गुप्त बातमीदार’ लिहा. प्रेक्षकाला क्षणभर पत्रकार वाटेल ही भीती असेल तर ‘गुप्त’ हा शब्द ती भीती घालवतो.

कागदावर नाव का नसतं, याला कायद्याचा आधार आहे. भारतीय पुरावा कायदा १८७२ च्या कलम १२५ प्रमाणे गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायला पोलीस अधिकाऱ्याला किंवा दंडाधिकाऱ्याला भाग पाडता येत नव्हतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आणि तीच तरतूद कलम १३१ मध्ये गेली. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात तर अशी माहिती आधी लिहून काढावी लागते आणि तिची प्रत बहात्तर तासांत वरिष्ठाकडे जावी लागते, पण त्यातही माहिती देणाऱ्याचं नाव उघड करण्याची सक्ती नाही. बचावाचे वकील मग एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: “असा कुणी बातमीदार नव्हताच, असं म्हणणं खरं आहे का?” आणि साक्षीदार फौजदार शांतपणे म्हणतो, “हे म्हणणं खरं नाही.” दोघांनाही माहीत असतं की गाडी यापुढे जाणार नाही.

आता ‘खबरी’. मूळ अरबी ‘खबर’. तिचंच अनेकवचन ‘अखबार’, आणि त्याच धातूतून खबर देणारा तो ‘मुखबिर’. म्हणजे वर्तमानपत्र आणि पोलिसांचा माणूस इथेही सख्खे भाऊ निघाले. मराठीने या शब्दाचा पुष्कळ संसार केला. खबरबात घेतो, बेखबर असतो, एखाद्याची ‘चांगलीच खबर’ घेतो तेव्हा त्याला झापतो. ‘खबरदार’ म्हणजे खरं तर ज्याला खबर आहे तो, सावध माणूस. पुढे ती धमकीच झाली. गोव्यात कोकणीत कुणी ‘कितें खबर?’ विचारलं तर तो फक्त हालहवाल विचारतोय, दचकू नका. ऑफिसातल्या बित्तंबातमी ठेवणाऱ्याला आपण ‘खबरीलाल’ म्हणतो त्यातही विष नाही. विष भरतं ते खबर पोलिसाकडे जाते तेव्हा.

‘खबरी’ की ‘खबऱ्या’? अर्थ एक, पण व्याकरण मजेशीर आहे आणि तुमच्या कामाला येईल. तेली, माळी, धोबी या शब्दांना प्रत्यय लागला की तेल्याला, माळ्याने, धोब्याचा असं होतं. तसंच खबरी, खबऱ्याला, खबऱ्याने. म्हणजे वाक्यात निम्म्याहून जास्त वेळा रूप ‘खबऱ्या’चंच येतं. माझा अंदाज असा की हे सामान्यरूप कानावर पडून पडून लोकांनी त्याचाच कर्ता करून टाकला: ‘तो पोलिसांचा खबऱ्या आहे.’ आणि एकदा तसा झाला की त्याला पक्या, बाळ्या, टकल्या, दाढ्या यांची संगत लागली. त्या ‘-या’मध्ये किंचित तुच्छता असते. फौजदार साहेबांसमोर ‘माझा खबरी’ म्हणेल, गल्लीतला पोरगा ‘तो खबऱ्या’ म्हणेल. प्रमाण बोलीत खबरी, जिभेवर थुंकी साठली की खबऱ्या, एवढा भेद मी तरी पाळतो.

बाईच्या बाबतीत मात्र पर्याय नाही. ‘खबऱ्या’ पुल्लिंगीच आहे. बाई असेल तर ‘ती त्यांची खबरी होती’, आणि प्रत्यय लावताना ‘खबरीला’, ‘खबरीने’. डान्स बार चालू होते त्या काळात मुंबईतल्या अधिकाऱ्यांना बारमध्ये काम करणाऱ्या बायकांकडून बरीच माहिती मिळायची, पण छापताना आम्ही ‘खबऱ्यांकडून’ असं अनेकवचन ठोकून द्यायचो. त्यात बाई कुठे दिसतच नसे. तेव्हा ते सोयीचंही होतं.

आणि कृपा करून ‘खबर्या’ टाइप करू नका. तो अर्धा र आडवा येतो, ‘ऱ्या’. आचार्यांना वेगळं आणि आचाऱ्यांना वेगळं, तसंच हे. आमच्या डेस्कवर जुना फॉन्ट हा र गिळायचा आणि पहिल्या पानावर ‘खबर्या’ छापून यायचा. मग सकाळी सकाळी एक निवृत्त शिक्षक हमखास फोन करायचे.

खरं सांगायचं तर ज्यांचा हा धंदा आहे ते ‘खबरी’ हा शब्द फारसा वापरतच नाहीत. पोलीस ठाण्याचं गुन्हे प्रकटीकरण पथक, ज्याला सगळे डीबी म्हणतात, किंवा जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा म्हणजे एलसीबी, तिथला जुना माणूस म्हणतो, “आपला पोरगा आहे तिकडे.” किंवा नुसतं “आपला माणूस”. अलीकडचे तरुण अधिकारी ‘सोर्स’ म्हणतात. आम्ही पत्रकार आमच्या माणसाला ‘सूत्र’ म्हणतो, आणि शिवाय ‘विश्वसनीय’. त्यांचा तो खबऱ्या, आमचं ते सूत्र. कित्येकदा माणूस तोच असतो, सकाळी त्यांच्याकडे चहा पितो आणि दुपारी आमच्याकडे. आणि तो स्वतःला काय म्हणतो? मी ज्या दहा-बाराजणांना जवळून पाहिलं त्यातल्या एकानेही स्वतःला खबरी म्हटलं नाही. “मी साहेबांना मदत करतो.” बस. तुमच्या मालिकेत तो माणूस बायकोला कबुली देत असेल तर त्याच्या तोंडी ‘मी खबरी आहे’ घालू नका. मराठी माणूस तसं बोलणार नाही. “मी त्यांना माहिती देतो अधूनमधून,” असं बोलेल, आणि तेही जमिनीकडे बघत.

क्रियापदं तर नामांपेक्षा जास्त बोलतात. अधिकारी खबरी ‘पाळतो’ किंवा ‘ठेवतो’. कोंबड्या पाळतात, कुत्री पाळतात, तसं. गुन्हेगाराला पोलीस ‘फोडतात’ आणि तो ‘फुटतो’. मडकं फुटावं तसा. खबऱ्याची ओळख कळली की तो ‘उघडा पडतो’. आणि कुणी खबरी ‘असतो’ असं गल्लीत म्हणत नाहीत, तो खबरी ‘निघतो’. “आयला, तो तर खबरी निघाला!” या ‘निघाला’मध्ये कालपर्यंत आपल्यात बसून खाल्ल्याची सगळी चीड आहे. कैद्याच्या त्या संवादाला माझं उत्तर हेच: “खबरी निघालास तू!” पुढे-मागे शिवी हवी तर ती तुमच्या वाहिनीच्या नियमाप्रमाणे.

‘टीप’ मात्र दोन्हीकडे जाते, हे लक्षात ठेवा. खबर जाते पोलिसाकडे. टीप पोलिसालाही देतात आणि दरोडेखोरालाही. ‘टीप देणाऱ्या नोकरासह पाचजण अटकेत’ ही बातमी दर पंधरवड्याला येते. त्यात टीप देणारा म्हणजे शेठजी गावाला गेलेत आणि तिजोरी आतल्या खोलीत आहे हे चोरांना सांगणारा. त्याला कुणी खबरी म्हणत नाही. शब्द इंग्रजीतून आला, पण मराठीत टिपण, टिपणे, टीप आधीच होते, त्यामुळे त्यांच्या गर्दीत मिसळून गेला. ‘टिपर’ असंही म्हणतात, पण सबटायटलमध्ये नको. प्रेक्षकाला वाळूचा ट्रक दिसेल.

पंटर म्हणजे खबरी नव्हे. मुंबईत पंटर म्हणजे भाईच्या मागेपुढे फिरणारा, सांगकाम्या पोरगा. पोलिसांच्या बोलण्यात छाप्याच्या वेळी गिऱ्हाईक म्हणून आत पाठवलेल्या माणसालाही पंटर म्हणतात, कागदावर तो ‘बनावट ग्राहक’ होतो. तो खबर आणत नाही, नोटा घेऊन आत जातो आणि इशारा करतो. तुमच्या तपासणाऱ्याने यालाही खबरी केलं असेल तर ती सरळ चूक आहे, छटेचा प्रश्न नाही.

‘झिरो’ वेगळीच जात. कॉन्स्टेबलला बक्कल नंबर असतो. याला नंबर नाही, म्हणून झिरो. हा ठाण्याच्या आसपासच वावरतो, साहेबांच्या गाडीत मागे बसतो, कधी पोलिसासारखाच दरडावतो, आणि हप्ता गोळा करायला पुढे असतो. खबरी देतो तशी खबर हाही देतो, पण त्याचं अस्तित्व लपलेलं नसतं, उलट त्याला ते मिरवायचं असतं. जिल्ह्याच्या पानांवर ‘झिरो पोलिसांचा सुळसुळाट’ हा मथळा वर्षातून दोनदा तरी असतो. ‘झिरो एफआयआर’शी याचा संबंध नाही. तो म्हणजे हद्द आपली नसताना नोंदवून पुढे पाठवलेला गुन्हा.

‘मुखबीर’ मुंबई-पुण्याच्या मराठीत परका वाटतो. नागपूरकडे हिंदीच्या शेजारामुळे कानावर येतो. गर्भलिंग निदान करणाऱ्यांची माहिती देणाऱ्याला बक्षीस द्यायची योजना राजस्थानात आहे, तिचं नाव ‘मुखबिर योजना’. आपल्याकडे तशीच योजना आली ती ‘खबऱ्या योजना’ या नावाने, एक लाखाच्या बक्षिसासह. आरोग्य खात्याच्या कागदावर ‘खबऱ्या’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दोनदा पाहिला. चांगल्या कामाला पुढे या म्हणायचं आणि नाव मात्र असं द्यायचं की घरी सांगायची चोरी! प्राप्तिकर खात्याने २०१८ च्या योजनेत परदेशातल्या काळ्या पैशाची माहिती देणाऱ्याला पाच कोटींपर्यंत देऊ केले, पण तिथे तो खबऱ्या नाही, ‘माहिती देणारा’ आहे. सीमाशुल्कवाल्यांकडे पकडलेल्या मालाच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत इनामाची रीत आहे, आणि माहितीच्या कागदावर नावाऐवजी अंगठ्याचा ठसा. सोन्याच्या तस्करीच्या जमान्यातल्या गोष्टी सांगणारे म्हातारे अजून मुंबईत भेटतात, पण त्यातलं खरं किती आणि दर्यावरचा वारा किती, हे ओळखायला वेगळा अनुभव लागतो.

मग हेर का नाही? कारण हेर दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि खबरी आपल्याच घरातलं विकतो, निदान लोकांना तसं वाटतं. बहिर्जी नाईकांना कुणी खबरी म्हटलं तर सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर, जिथे त्यांची समाधी आहे, तिथून तुम्ही धड खाली येणार नाही. ‘हेरणे’ या क्रियापदातही कौशल्याचं कौतुक आहे: हेरून ठेवलं, नेमकं हेरलं. शेजारच्या देशात वेश पालटून राहणारा असेल तर तो गुप्तहेर. टोळीत राहून टोळीची माहिती देणारा मूळचा पोलीसच असेल, तरी त्याला खबरी म्हणू नका. त्याच्यासाठी ‘पोलिसांनी पेरलेला माणूस’ उत्तम चालतं.

फितूर याहून जड. त्यात पैशापेक्षा निष्ठेचा प्रश्न येतो. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने वीस हजारांचं इनाम लावलं. गणेश आणि रामचंद्र द्रविड या भावांनी पोलिसांना माहिती दिली आणि दामोदर चापेकर सापडले. त्यांना एप्रिल १८९८ मध्ये फाशी झाली. फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी पोलिसांकडून बोलावणं आलंय असं भासवून त्या दोघा भावांना घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. मे महिन्यात तेही फासावर गेले. आता पाहा, कामाच्या दृष्टीने द्रविड बंधू हे खबरीच: माहिती दिली, इनामाची बोली होती. पण मराठीत सव्वाशे वर्षांत त्यांना खबरी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. त्यांना फितूर म्हणतात, कारण ते चापेकरांच्या ओळखीतले होते. सूर्याजी पिसाळ हे नाव तर शिवीच झालं. त्याच्या फितुरीबद्दल इतिहासकारांत वाद आहे, पण भाषेने निकाल केव्हाच देऊन टाकला. तुमच्या मालिकेत क्रांतिकारकांची किंवा एखाद्या घराण्याची गोष्ट असेल तर फितूर वापरा. चरस विकणाऱ्या पोरांच्या तोंडी घातलात तर ती पोरं ऐतिहासिक नाटकातून पळून आल्यासारखी वाटतील.

फितूर कोर्टातही येतो. उलटलेला साक्षीदार म्हणजे ‘फितूर साक्षीदार’. आणि ‘माफीचा साक्षीदार’ तिसराच. तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो, कोर्ट त्याला अटीवर माफी देतं आणि तो उघडपणे पिंजऱ्यात उभा राहून बोलतो. गांधी खून खटल्यात दिगंबर बडगे, २६/११ च्या खटल्यात डेव्हिड हेडली, ज्याला मुंबईच्या न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये माफी दिली. त्यांची नावं साऱ्या जगाला माहीत झाली. खबऱ्याचं नाव कळलं तर तो खबऱ्या राहत नाही. हा गोंधळ मी वकिलांच्या तोंडूनही ऐकलाय, तेव्हा तुम्हाला दोष नाही.

‘जागल्या’ हा शब्द आम्ही मराठी वर्तमानपत्रांनी हौसेने पुढे आणला, आतला गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्यासाठी. गावगाड्यात रात्री जागून राखण करणारा तो जागल्या. गंमत म्हणजे शेपूट तेच, खबऱ्याचं ‘-या’. पण जागल्यात अपमान उरला नाही, कारण तो सगळ्या गावासाठी ओरडतो, एकाच्या कानात कुजबुजत नाही. कंपनीतली भानगड उघड करणारा कर्मचारी तुमच्या मालिकेत असेल तर वकील आणि पत्रकार त्याला जागल्या म्हणतील. त्याचा व्यवस्थापक त्याला घरभेदी म्हणेल. दोन्ही लिहा, एकाच दृश्यात लिहा, मजा येईल.

शाळा-ऑफिसातल्या फुटकळ प्रकारांना तर तोटाच नाही. पोरं ‘चुगलखोर’ म्हणतात, आजी ‘चहाडखोर’ म्हणायची. बायकांच्या भांडणात ‘चोंबडी’, भाऊबंदकीत ‘कळलाव्या’, सरकारी ऑफिसात ‘साहेबाचा कान’. यातलं एकही पोलिसांपर्यंत नेऊ नका.

आता जी गोष्ट सांगायला मला अजून जड जातं ती सांगतो, कारण तुमच्या तपासणाऱ्याला शब्द म्हणजे नुसता शब्द वाटतोय.

मुंबईत असताना एका घरफोडी टोळीची बातमी केली. अधिकारी खुशीत होता, बोलता बोलता बोलून गेला की चाळीसमोरच्या इस्त्रीवाल्याने दिलेल्या माहितीवरून पोरं सापडली. मला ते रंगतदार वाटलं. ‘खबऱ्याने दिलेल्या माहितीनुसार’ हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य खोडून मी ‘एका इस्त्रीवाल्याने दिलेल्या माहितीनुसार’ असं लिहिलं. उपसंपादकानेही सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अधिकाऱ्याचा फोन. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “त्या गल्लीत इस्त्रीवाले किती आहेत, मोजलेत का तुम्ही? एक. खबऱ्या लिहायला काय झालं होतं?” त्याच रात्री तो माणूस टेबल आणि कोळशाची इस्त्री तशीच टाकून गावी गेला. मार बसला नाही, एवढंच. मी आठवड्याने गेलो तेव्हा टेबल तिथेच होतं, त्यावर कुणीतरी केळी विकत होतं. ‘गुप्त बातमीदारामार्फत’ या वाक्याला मी तोवर आळशी हवालदाराचं वाक्य समजत होतो.

विदर्भात याच्या उलटं शिकलो. गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडून येणारी एक बातमी ठरलेल्या साच्यात असायची: ‘पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांकडून एकाची हत्या.’ सीमेपलीकडे बस्तरमध्ये हिंदी वर्तमानपत्रं ‘मुखबिरी के शक में’ लिहितात, तेच. प्रेताजवळ बऱ्याचदा चिठ्ठी असायची आणि तिच्यात हा शब्द. डेस्कवर एकदा जागा वाचवायला एका पोराने मथळा केला: ‘खबऱ्याची हत्या’. पाच शब्दांची जागा वाचली आणि त्या मेलेल्या माणसावरचा आरोप आम्हीच सिद्ध करून टाकला. मी तो मथळा पान जाता जाता बदलला आणि त्या पोराला ओरडलो. नको तितकं ओरडलो, कारण मला इस्त्रीवाला आठवत होता.

असाच एकदा एका घरी गेलो होतो. नाव, गाव सांगणार नाही. मेलेल्याचा भाऊ माडियात बोलत होता आणि शाळेतला एक मास्तर मला मराठीत सांगत होता. भाऊ बराच वेळ शांतपणे बोलला, मला एक शब्द कळत नव्हता. मध्येच एक शब्द स्पष्ट ऐकू आला: ‘खबऱ्या’. मास्तरांनी सांगितलं, “तो म्हणतो, माझा भाऊ रस्त्याच्या कामावर मजूर मोजायचा. मोजून वहीत लिहायचा. तो खबऱ्या नव्हता.” त्या सगळ्या बोलण्यात तो एकच शब्द भाषांतराशिवाय माझ्यापर्यंत आला. त्यांच्या बोलीत तो बाहेरून आलेला होता, आणि कशासोबत आला ते अंगणात दिसत होतं. वही मात्र भावाने आत जपून ठेवली होती, ती आणून दाखवली. नावं, हजेरीच्या रेघा, आणि शनिवारी बेरीज.

म्हणून मी डेस्कवर असेपर्यंत एक नियम होता. जिवंत माणसाच्या ओळखीसोबत ‘खबऱ्या’ छापायचं नाही, आणि मेलेल्याच्या बाबतीत ‘असल्याच्या संशयावरून’ हे शब्द कितीही जागा खाल्ली तरी काढायचे नाहीत. सबटायटलला बेचाळीस अक्षरांची मर्यादा असते म्हणता, पण तुमच्या मालिकेतल्या बातमीपत्राच्या दृश्यात ‘संशयावरून’ गळू देऊ नका. कथानकच त्याच्यावर फिरत असेल.

तुम्ही पाठवलेल्या ओळींबद्दल. अधिकारी वरिष्ठाशी बोलतो तिथे ‘माझा माणूस आहे आत’ ठेवा. अहवालात ‘गुप्त बातमीदार’. टोळीतला म्हातारा निवांतपणे विचारतो तिथे ‘आपल्यातला कोण फुटलाय?’, त्यात नाम नकोच. बारमधली बाई स्वतःबद्दल बोलते तिथे ‘मी त्यांना सांगते कधी कधी’. कैद्याचं वर दिलंच आहे. आणि मुळात जिथे त्या लोकांनी माणसाला उंदीर म्हटलंय, तिथे तुमच्या पहिल्या मसुद्यात ‘उंदीर’ आहे तो तेवढा काढा. आपल्याकडे उंदीर गणपतीच्या पायाशी मोदक खात बसतो, कुणाची चुगली करत नाही. तिथे ‘खबऱ्या’च घाला, ‘ऱ्या’ नीट टाइप करून.